विजयदुर्गाची गोदी आणि आपले पूर्वज

विजयदुर्ग म्हटले की डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो किल्ला. इ. स. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ दुर्गांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, त्यांत विजयदुर्गाचाही समावेश झाला, ही आपणां सर्वांस अभिमानाची गोष्ट होय. परंतु तट-बुरूज पाहून परतणाऱ्या किती जणांची पावले खाडीने थोडे आत असलेल्या जुन्या गोदीकडे वळतात? आमच्या मते या बंदराच्या इतिहासाचे निम्मे पान त्या गोदीत आहे, आणि ते अद्याप कोरेच राहिले आहे.

हे बंदर किल्ल्याच्या कीर्तीहूनही जुने. वाघोटण खाडीच्या वरच्या अंगास असलेल्या खारेपाटण येथे शिलाहार राजा रट्टराज याचा शके ९३० चा, म्हणजे इ. स. १००८ चा ताम्रपट सापडला. परदेशांतून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक गद्याण सोने देवालयास द्यावे, असे त्यांत नमूद आहे. याचा अर्थ, सहस्र वर्षांपूर्वीही दूरदेशीची तारवे या खाडीच्या आश्रयास येत होती. आलेला माल होड्यांनी खारेपाटणास आणि तेथून बैलांच्या पाठीवर घाटावर जात असे.

आंग्र्यांच्या काळात येथे आरमाराचे मुख्य ठाणे झाले. त्यांच्या मोठ्या गुराबा तीनशे टनांपर्यंतच्या असत. गलबते सत्तर टनांच्या आतली, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. त्यांचे तळ उथळ असल्यामुळे शत्रूची अवजड जहाजे जेथे शिरू शकत नसत तेथे ती सहज शिरत. त्यांच्यासाठी खडकात खोदलेली ही गोदी सुमारे साडेतीनशे फूट लांब आहे. तिच्या कामाची रीत साधी, पण शहाणपणाची. उधाणाच्या भरतीबरोबर जहाज आत घ्यावे आणि ओहोटीने पाणी उतरले म्हणजे त्याच्या तळाचे काम करावे. चंद्राच्या कलांवर येथील कामाचे वेळापत्रक ठरे.

इ. स. १७५६ च्या फेब्रुवारीत पेशव्यांशी संधान बांधून इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांवर स्वारी केली. तोफांच्या माऱ्याने एका जहाजास आग लागली आणि पाहता पाहता सारे आरमार जळून खाक झाले. त्याच वर्षी बाणकोटच्या मोबदल्यात किल्ला पेशव्यांकडे आला. पुढे इ. स. १७८३ मध्ये, म्हणजे अवघ्या सत्तावीस वर्षांनी, आनंदराव धुळप यांनी पेशव्यांच्या आरमारानिशी रत्नागिरीनजीक ‘रेंजर’ हे इंग्रजी जहाज लढून पाडाव केले. जळालेले आरमार पुन्हा उभे राहिले ते कोणाच्या बळावर? सागाच्या फळ्या तासणारे सुतार, सांध्यांत तेलात भिजविलेला कापूस ठासणारे कारागीर, शीड शिवणारे, वल्ही मारणारे खलाशी, तांडेल आणि सारंग. त्यांत आपले गाबीत पूर्वज होते, तसेच भंडारी, खारवी, दालदीही होते. आगीत लाकूड जळाले, हातांतील विद्या जळाली नाही.

इ. स. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला आणि तोफांचा धंदा संपला, तरी शिडांचा राहिला. नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ वाहून गलबते लोटावीत, पहाटेच्या मतलईवर बाहेर पडावे, आणि मृगापूर्वी सर्व गलबते ओढून झापांखाली झाकावीत, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालला. पुढे आगबोटी आल्या, मग मोटाररस्ते झाले, किनाऱ्याची प्रवासी बोट बंद पडली, आणि इ. स. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली. दर्याकडे पाठ फिरवून आपली मुले गाडीने मुंबईस जाऊ लागली. त्यात दोष कोणाचाच नाही. पोट तिकडे होते.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. आमचे आजोबा तांडेल होते. मलबारातून साग आणि मंगळुराहून कौले ते शिडाच्या गलबताने आणीत. रात्री कोणत्या ताऱ्यावर नाळ धरावी, हे त्यांस तोंडपाठ होते. आम्ही पस्तीस वर्षे परक्या मुलांकडून सनावळ्या घोकून घेतल्या; पण घरच्या ओटीवर बसलेल्या त्या वृद्धास कधी एक प्रश्न विचारला नाही. पठाण, परभाण असे चार शब्द तेवढे कानांत उरले आहेत. बाकीचे त्यांच्याबरोबर गेले.

म्हणून ज्ञातिबंधु-भगिनींनो, आमची विनंती एवढीच. आपल्या घरी कोणी वृद्ध दर्यावर्दी वा सुतार असेल, तर या दिवाळीत वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे. गलबताचे नाव, मालाचे नाव, वाऱ्यांची व ताऱ्यांची नावे, जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे आणि पुढील स्मरणिकेसाठी पाठवावे. किल्ल्याचे दगड सांभाळण्यास आता जग पुढे आले आहे. गोदीतली विद्या मात्र आपणांसच सांभाळावयाची आहे.