भंगारातून उठलेली विमाने

लोहगावच्या बाजूला आमचे काही बचतगट आहेत. बैठकीत हिशेब चाललेला असतो आणि डोक्यावरून हवाई दलाचे विमान जाते. मग दोन मिनिटे सगळ्या गप्प. कोणाचे कोणाला ऐकूच येत नाही. अशाच एका बैठकीत एक आजी म्हणाल्या, "आमच्या वेळी चार पंख्यांची धूड विमाने यायची." तेवढ्या एका वाक्यावरून मी वाचायला घेतले.

आजी म्हणत होत्या ती लिबरेटर विमाने. दुसऱ्या महायुद्धातली, बॉम्ब टाकणारी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंख 110 फूट. अमेरिकेने अशी 18,000 हून जास्त विमाने बांधली. फोर्ड कंपनीच्या विलो रन कारखान्यात त्यांचे पत्रे रिव्हेट मारून जोडायला हजारो बायका होत्या. पुरुष लढाईवर गेले होते ना!

1945 मध्ये युद्ध संपले. आपल्याकडच्या ब्रिटिश हवाई दलाची लिबरेटर विमाने कानपूरला आणून उभी केली. ती अमेरिकेकडून उसनी घेतलेली. पुन्हा कोणी वापरू नयेत म्हणून ती मुद्दाम मोडली. इंजिनात वाळू ओतली, आतली घड्याळे फोडली, पत्र्यांना भोके पाडली. चांगली वस्तू अशी मोडायची, हे वाचताना माझा जीव नुसता चुटपुटला.

दोनच वर्षांत स्वातंत्र्य आले, पाठोपाठ काश्मीरची लढाई. आपल्याकडे मोठे बॉम्बफेकी विमान एकही नव्हते. तेव्हा कानपूरच्या त्या ढिगाकडे लक्ष गेले. काम दिले बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीला. ही कंपनी 1940 साली सुरू केली ती आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी.

कारागिरांनी काय केले, ते शिवणकाम करणाऱ्या बाईला लगेच कळेल. दोन बंद मशिनी असल्या की एकीचा भाग काढून दुसरीला बसवतो, आणि एक तरी चालू करतो. तसेच. एका विमानाचा सुटा भाग दुसऱ्याला लावायचा, बंगळूरपर्यंत पोचण्यापुरते ते उभे करायचे, आणि खरी दुरुस्ती तिथल्या कारखान्यात. पण तिथवर न्यायचे कोणी? जमशेद मुन्शी हे कंपनीचे चाचणी वैमानिक. अशी अर्धवट दुरुस्त झालेली चाळीसेक विमाने त्यांनी एकामागून एक उडवत नेली. पहिली सहा विमाने नोव्हेंबर 1948 मध्ये हवाई दलाला मिळाली.

पुढे सहाव्या स्क्वाड्रनची लिबरेटर पुण्यात, लोहगावला राहिली. समुद्रावर दूरवर गस्त घालणे हे त्यांचे काम. 1968 अखेर ती निवृत्त झाली. ज्यांचे आयुष्य 1945 लाच संपवले होते, ती वीस वर्षे उडाली!

तोवर जगात इतरत्र लिबरेटर जवळजवळ संपली होती. मग अमेरिका, कॅनडा, इंग्लंड इथल्या संग्रहालयांनी आपल्याकडूनच एकेक विमान नेले. आणखी एक विमान इथे तेरा वर्षे पडून राहिले. ते आधी एका ब्रिटिश संग्राहकाने नेले, पुढे अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनने घेतले. पुन्हा सगळे खोलून, नव्याने जोडून 1989 मध्ये ते हवेत उडवले.

मी हे सांगितले तेव्हा आजी म्हणाल्या, "म्हणजे आपल्याकडची शिवण टिकली म्हणायची."

एक लिबरेटर दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे. सरस मेळ्याला दिल्लीला जाणाऱ्या गटांनी अर्धा दिवस काढून जरूर पाहून यावे.