गीझरमधली खडी आणि बहात्तरचा दुष्काळ

मागच्या महिन्यात आमचा गीझर बंद पडला. मेकॅनिकनं कॉइल बाहेर काढून माझ्या हातात दिली. कॉइल कसली, पांढऱ्या दगडाची कांडीच! त्यानं एवढंच विचारलं, "बोअरचं पाणी ना?" नवी कॉइल बसली, पैसे गेले. पण तो पांढरा तुकडा मी ठेवून दिलाय. आजचा एपिसोड त्याच्यावरच.

आधी थोडं विज्ञान. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवतं. हेच आपलं जड पाणी. ते तापलं की कॅल्शियमचा विरघळलेला भाग चुनखडी होऊन बाहेर पडतो आणि जिथं सर्वांत जास्त उष्णता, तिथंच चिकटतो. खडीतून उष्णता नीट जात नाही. मग कॉइल आतल्या आत तापत राहते आणि शेवटी जळते.

ही डोकेदुखी गीझरच्या कितीतरी आधीची आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १८६३ मध्ये बोरघाट चढून रेल्वे देशावर आली. वाफेचं इंजिन म्हणजे चाकांवरचा भलामोठा बंब. पाण्याची वाफ उडून जाते, क्षार मात्र बॉयलरमध्येच उरतात. नळ्यांवर खडी बसली की कोळसा जास्त लागतो. त्याहून वाईट म्हणजे धातू जास्त तापून कमजोर होतो. म्हणून शेडमध्ये ठरावीक दिवसांनी इंजिन थंड करून बॉयलर धुवावाच लागायचा.

यावर पहिला मोठा उपाय आला स्कॉटलंडमधून. ॲबर्डीनच्या मारिशाल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या थॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये पेटंट घेतलं. उपाय काय, तर चुन्याच्या पाण्यात आणखी चुना घालायचा! ऐकायला उलटं वाटतं, पण हे काट्यानं काटा काढणं आहे. घातलेला चुना पाण्यातल्या बायकार्बोनेटशी संयोग पावतो आणि दोघंही गाळ होऊन तळाशी बसतात. पाणी किती जड आहे हे साबणाच्या फेसावरून मोजायची पद्धतही क्लार्क यांचीच.

आता आपल्याकडे येऊ. पूर्वी गावाची तहान आड, विहीर आणि नदीवर भागायची. १९७२-७३ च्या दुष्काळात विहिरी कोरड्या पडल्या. कठीण काळा खडक फोडणाऱ्या रिग आल्या, गावोगाव बोअर झाले. हातपंप सारखे मोडायचे, म्हणून मजबूत पंपाचा शोध सुरू झाला. त्यातूनच आपल्या सोलापूर पंपाच्या रचनेवर पुढे 'इंडिया मार्क टू' बनला आणि जगभर गेला. पण खोल खडकाच्या भेगांत पाणी दीर्घकाळ साठून राहतं, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ते जास्त जड असतं.

माझी आजी सांगायची, हापशाच्या पाण्यात पुरणाची डाळ शिजायचीच नाही. खरंय, कॅल्शियममुळे डाळ कडक राहते. म्हणून ती चिमूटभर खायचा सोडा घालायची, आणि कपड्यांना धुण्याचा सोडा. मी एकदा विचारलं, "मग वैताग नाही यायचा?" ती म्हणाली, "डाळ शिजत नव्हती बाबा, पण डाळीत घालायला पाणी तरी होतं."

गीझरचं बिल बघून मी बोअरला शिव्या घालत होतो, तेव्हा हे वाक्य आठवलं.

आता हिशेब करू. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. समजा तुमचं पाणी ६०० चं आहे आणि रोज १०० लिटर तापवता. म्हणजे रोज ६० ग्रॅम, महिन्याला जवळपास पावणेदोन किलो क्षार गीझरमधून जातात. सगळे चिकटत नाहीत, पण थोडे चिकटले तरी पुरे.

करायचं काय? पाणी एकदा तपासून घ्या. गीझरचं तापमान कमी ठेवा, कारण जास्त तापवलं की खडी जास्त. किटलीत लिंबूफूल घातलेलं पाणी उकळा. आजी तांब्याची भांडी चिंचेनं घासायची तसंच, आम्लाचं काम. गीझर मात्र मेकॅनिककडूनच वर्षातून एकदा साफ करून घ्या. किचनमधला आरओ फक्त प्यायच्या पाण्यापुरता असतो, बाथरूमला त्याचा उपयोग नाही.

तो पांढरा तुकडा आता माझ्या टेबलावर आहे. आमच्या सोसायटीत पुढचा बोअर अजून खोल घ्यायची चर्चा चाललीये. मीटिंगला मी तो घेऊन जाणार आहे. आधी छतावरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवूया, असं सांगायला. तुमच्याकडे डाळ शिजते का, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!