बुडवलेली नौका आणि जिवंत प्रवाळ

नौदलातून 2024 मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ बुडवून तिथे समुद्राखालचे संग्रहालय करण्याची योजना आहे. तिच्यावर प्रवाळ वाढेल, मासळी वाढेल, पाणबुडे तिकडे वळतील आणि मालवणच्या नैसर्गिक प्रवाळाला उसंत मिळेल, असे सर्रास सांगितले जाते.

या म्हणण्याला आधार आहे. वाळूच्या तळावर टणक पृष्ठभाग मिळाला की कालवे, स्पंज चिकटतात आणि आडोशाला मासे येतात. पण मासे येणे आणि मासे वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आसपासचीच मासळी एका जागी गोळा झाली आणि तिथे जाळी, गळ चालू राहिले, तर मासेमारी सोपी होते आणि साठा उलट घटतो.

प्रवाळाचे गणित तर अधिकच संथ आहे. पोरायटीससारखा घुमटाकार प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, आणि खाऱ्या पाण्यात लोखंड गंजत राहते. शतकानुशतके रचल्या गेलेल्या वसाहतीची भरपाई अशा सांगाड्याने होत नाही.

गर्दी वळेल, हेही पटत नाही. बदनापूरहून सुट्टीत तारकर्लीला आलेले कुटुंब प्रशिक्षकाचा हात धरून उथळ पाण्यातच उतरणार. पाणबुडेगिरीच्या प्राथमिक प्रमाणपत्रधारकालाही 18 मीटर खोलीची मर्यादा असते. खोलवरची नौका अनुभवी पाणबुड्यांना बोलावील. मालवणच्या प्रवाळ असलेल्या खडकांवरचा नवख्यांचा भार तसाच राहील.

फ्लोरिडातल्या ऑस्बोर्न रीफचा धडा विसरू नये. 1970 च्या दशकात तिथे सुमारे 20 लाख टायर प्रवाळासाठी म्हणून टाकले गेले. बांधण्या तुटल्या, वादळांत टायर सुटले आणि जवळच्या खऱ्या प्रवाळावर आदळले.

म्हणून नौका बुडवू नये, असे मात्र नाही. इतिहास पाहण्याचे, पाणबुडेगिरी शिकण्याचे ठिकाण म्हणून ती अवश्य असावी. पण तेल, केबली, विषारी रंग आधी निघावेत. भोवती मासेमारी बंद असावी. मासळीची मोजणी बुडवण्याआधी आणि नंतर वर्षानुवर्षे व्हावी. प्रवाळ वाचवायचे काम मात्र 1987 मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यातच करावे लागेल: नांगराऐवजी कायमचे बोये, रोजच्या पाणबुड्यांना मर्यादा आणि तिकिटातला ठरलेला वाटा संरक्षणाला. हे न करता नौकेला प्रवाळरक्षक म्हणणे ही लोकांची दिशाभूल आहे.