नेरुळच्या मैदानाला माणसं मिळाली

वानखेडे आणि ब्रेबोर्न या दोन्ही मैदानांना माणसं गोळा करायची फारशी तोशीस कधी पडली नाही. चर्चगेटला उतरायचं, चार पावलं चालायचं की मैदान आलं. ऑफिस सुटल्यावर शेवटच्या काही षटकांना हजेरी लावून परतीची लोकल पकडणारे मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या झाले. खाडीपलीकडच्या नेरुळला 4 मार्च 2008 रोजी डी. वाय. पाटील स्टेडियम सुरू झालं, तेव्हा ही सवय तिथं कुणालाच नव्हती. मैदान देखणं होतं, पण लोकांच्या दिनक्रमात त्याला जागा नव्हती.

शहरच नवं होतं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970 मधली. मानखुर्दहून खाडी ओलांडून रेल्वे वाशीला पोहोचली 1992 मध्ये, आणि पनवेलपर्यंत जायला तिला 1998 साल उजाडलं. नोकरी मुंबईत, दिवाळीची खरेदी दादरला आणि सामना बघायचा तो वानखेडेवर, अशी नवी मुंबईकरांची पहिली पिढी. मोठं काही बघायचं तर खाडी ओलांडायची, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. नेरुळच्या स्टेडियमला हा प्रवास उलटा फिरवायचा होता. दादर-कुर्ल्याच्या माणसाला संध्याकाळी हार्बर लाइनवर पनवेलच्या दिशेनं आणायचं होतं, तेही खेळ बघायला.

त्यात हे मैदान कुठल्याही क्रिकेट संघटनेच्या मालकीचं नाही. वानखेडेच्या मागं मुंबई क्रिकेट असोसिएशन उभी आहे, ब्रेबोर्नच्या मागं क्रिकेट क्लब ऑफ इंडिया. नेरुळचं स्टेडियम कोल्हापूरच्या डॉ. डी. वाय. पाटील यांनी उभ्या केलेल्या शिक्षणसंस्थांच्या परिवारातलं. त्यांचे चिरंजीव विजय पाटील यांनी ते मनावर घेऊन बांधून घेतलं. आराखडा वास्तुविशारद हफीझ काँट्रॅक्टर यांचा. छत असं तोललेलं की प्रेक्षक आणि खेळपट्टी यांच्यामध्ये एकही खांब येत नाही. जुन्या मैदानांवर खांबाआडून मान वाकडी करत सामने पाहिलेल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. बांधकाम उत्तम झालं. पण सामने कुणाला द्यायचे हे इतरांनी ठरवायचं होतं. वर्षाचं वेळापत्रक हातात नसेल तर प्रेक्षक घडवायचा कसा, हा प्रश्न या संस्थेपुढं पहिल्या दिवसापासून होता.

सुरुवात मात्र दणक्यात झाली. आयपीएलच्या पहिल्याच मोसमाचा अंतिम सामना 1 जून 2008 रोजी नेरुळला झाला. शेन वॉर्नच्या राजस्थान रॉयल्सनं चेन्नई सुपर किंग्जला अखेरच्या चेंडूवर हरवलं. युसूफ पठाणनं तीन बळी घेतले आणि 56 धावाही केल्या. दोन वर्षांनी, एप्रिल 2010 मध्ये, बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर स्फोट झाले आणि तिथले दोन्ही उपांत्य सामने घाईघाईनं नेरुळला हलवले गेले. अंतिम सामना इथंच ठरलेला होता. पाच दिवसांत तीन मोठे सामने या मैदानानं पार पाडले.

त्याच मोसमात डेक्कन चार्जर्स हैदराबाद सोडून काही सामन्यांपुरते इथं आले होते. पुढच्या वर्षी पुणे वॉरियर्स आले, कारण गहुंज्याचं मैदान तयार नव्हतं. 2014 मध्ये मुंबई सिटी एफसी हा फुटबॉल संघ आला, दोन मोसम खेळला आणि अंधेरीला निघून गेला. अडचणीत सापडलेल्याला नेरुळनं आसरा दिला आणि अडचण संपली की तो आपल्या घरी परतला. तेव्हाच्या गर्दीबद्दल मला कायम वाटत आलं की ती आलेल्या संघांची होती, मैदानाची नव्हती. सामना संपला की तीही पांगायची आणि पुढच्या मोठ्या नावापर्यंत नेरुळची वाट विसरायची.

भारताच्या पुरुष संघाचा योग तर जुळलाच नाही. 11 नोव्हेंबर 2009 रोजी ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सातवा एकदिवसीय सामना इथं ठरला होता. त्याच दिवशी फयान चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आलं आणि एकही चेंडू न टाकता सामना रद्द झाला. पुढं दीड दशक लोटलं तरी पुरुषांचं आंतरराष्ट्रीय क्रिकेट नेरुळला परतलं नाही.

मधल्या काळात मैदान रिकामं पडलं असं नाही. 2017 मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले. त्याच वर्षी जस्टिन बीबर गाऊन गेला, 2019 च्या डिसेंबरात यू-टू आले, पुढं 2025 च्या जानेवारीत कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. या कार्यक्रमांनी एक गोष्ट दाखवून दिली: लोकांना यायचंच असेल तर नेरुळ लांब पडत नाही. सायन-पनवेल महामार्ग तुंबला, रिक्षा मिळेनाशा झाल्या, तरी माणसं आली. अर्थात मैफलीची गर्दी एका रात्रीपुरती. परत परत येणारा, मैदानाच्या कोणत्या बाजूला ऊन लागतं हे जाणणारा प्रेक्षक मैफली देत नाहीत.

तो प्रेक्षक दिला मुलींच्या क्रिकेटनं.

याचं मोल कळायला 2013 आठवावं लागतं. महिलांचा विश्वचषक तेव्हा मुंबईत झाला. सामने वानखेडेवर ठरलेले, पण रणजीचा अंतिम सामना तिथं घ्यायचा म्हणून मुलींना ब्रेबोर्नवर हलवण्यात आलं. विश्वचषकानं देशांतर्गत सामन्यासाठी जागा सोडायची, हे पुरुषांच्या बाबतीत कुणाच्या मनातही आलं नसतं. भारतीय संघ साखळीतच बाद झाला आणि स्पर्धा मुंबईच्या नकळत संपली. मुलींचे सामने बघायला लोक येत नाहीत, हे तेव्हा ठामपणे सांगितलं जायचं. त्यांना कुणी बोलावलं होतं का, हा प्रश्न मात्र फारसा विचारला गेला नाही.

9 डिसेंबर 2022 रोजी ऑस्ट्रेलियाच्या मुली नेरुळला टी-ट्वेंटी खेळल्या. दोन दिवसांनी, रविवारी, दुसरा सामना होता आणि प्रवेश विनामूल्य होता. त्या संध्याकाळी स्टेडियम खच्चून भरलं. वृत्तपत्रांत आलेला आकडा 45 हजारांच्या पुढचा होता. ऑस्ट्रेलियानं एकच गडी गमावून 187 केल्या, भारतानंही 187 वर गाठलं आणि सुपर ओव्हरमध्ये सामना जिंकला. स्मृती मानधनाच्या 79 धावा होत्या. ऑस्ट्रेलियाचा त्या वर्षातला तो पहिलाच पराभव. सामन्यानंतर संघानं तिरंगा घेऊन मैदानाला फेरी मारली. भारतीय मुलींना घरच्या मैदानावर एवढी माणसं आपलं नाव घेऊन ओरडताना क्वचितच ऐकायला मिळाली होती.

फुकट होतं म्हणून आले, असं त्यावर म्हटलं गेलं. मला हे म्हणणं पटत नाही. रविवारची संध्याकाळ, सोबत पोरंबाळं, गर्दीची लोकल, रात्री उशिरा परतणं. हे काही फुकट नसतं. विनामूल्य प्रवेशानं फक्त पहिला उंबरठा काढून टाकला. एकदा आत येऊन जेमिमा रॉड्रिग्जचं क्षेत्ररक्षण समोर पाहिलेली मुलगी पुढच्या वेळी बापाला तिकीट काढायला लावते. पहिल्या महिला प्रीमियर लीगची सुरुवात 4 मार्च 2023 रोजी नेरुळलाच झाली. योगायोग म्हणजे तो स्टेडियमचा पंधरावा वाढदिवस होता. त्या मोसमात मुलीबाळींना प्रवेश मोफत होता आणि पुरुषांना 100 रुपयांपासून तिकीट होतं. वडील पैसे भरून आत येतात आणि लेक मानानं फुकट, हे आपल्याकडच्या मैदानांनी आधी पाहिलं नव्हतं.

यानंतरचं सातत्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डिसेंबर 2023 मध्ये इंग्लंडविरुद्धची कसोटी नेरुळला झाली आणि भारतानं ती 347 धावांनी जिंकली. महिला कसोटीतला धावांच्या फरकानं मिळालेला तो सर्वांत मोठा विजय ठरला. जानेवारी 2024 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन टी-ट्वेंटी झाल्या, त्याच वर्षीच्या डिसेंबरात वेस्ट इंडीजविरुद्ध तीन. दरवर्षी हिवाळ्यात मुलींचा संघ नेरुळला येणार, हे लोकांना ठाऊक झालं. क्रिकेट शिकवणाऱ्या अकादम्या मुलींना किटबॅगांसकट घेऊन येऊ लागल्या. पाठीवर 18 आकडा आणि स्मृतीचं नाव असलेले निळे शर्ट जुईनगर-नेरुळच्या फलाटांवर दिसू लागले. नेरुळ आणि जुईनगर या दोन्ही स्टेशनांवरून मैदान चालत गाठता येतं, ही या जागेची मोठी पुण्याई. स्वतःची गाडी नसलेल्या घरातली मुलगी इथं पोहोचू शकते.

मग 2025 आलं. 4 जूनला बंगळूरमध्ये आयपीएलच्या विजयोत्सवाच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन 11 जणांचा जीव गेला. महिला विश्वचषकाचे तिथले सामने काढून घ्यावे लागले आणि 22 ऑगस्टला ते नेरुळला दिल्याचं जाहीर झालं. बंगळूरचे सामने नेरुळनं सांभाळण्याची ही दुसरी वेळ. यावेळी फरक एवढाच की मैदानाजवळ स्वतःचा प्रेक्षक तयार होता. भारतातल्या साखळी सामन्यांची तिकिटं 100 रुपयांपासून ठेवली होती. वडापाव-चहा धरूनही चौघांचं घर हजाराच्या आत सामना बघू शकत होतं.

23 ऑक्टोबरला न्यूझीलंडविरुद्ध स्मृतीनं 109 आणि प्रतिका रावलनं 122 केल्या. 30 तारखेच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियानं 339 धावांचं आव्हान दिलं. वांद्र्याची जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद 127 वर उभी राहिली आणि भारतानं पाच गडी राखून ते पार केलं. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये त्याआधी कुणीही एवढ्या धावांचा पाठलाग केला नव्हता. संघाचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार. मुंबईसाठी रणजीत धावांचे डोंगर रचूनही ज्यांना भारताची टोपी कधी मिळाली नाही, त्यांच्या संघानं आपल्याच माणसांसमोर हे करून दाखवलं.

2 नोव्हेंबरचा अंतिम सामना पावसानं दोन तास लांबवला. दुपारी तीनला सुरू व्हायचा तो पाचला सुरू झाला. लोक भिजत थांबले. भारत 7 बाद 298. शेफाली वर्मा 87, दीप्ती शर्मा 58 धावा आणि मग 39 धावांत पाच बळी. दक्षिण आफ्रिकेच्या लॉरा वोल्वार्टनं 101 धावांची झुंजार खेळी केली, तरी 246 वर डाव आटोपला. हरमनप्रीत कौरनं शेवटचा झेल घेतला तेव्हा मध्यरात्र झाली होती. अधिकृत नोंदीनुसार 39,555 प्रेक्षक हजर होते.

मध्यरात्री एवढी माणसं एकाच वेळी बाहेर पडतात तेव्हा स्टेडियमचं खरं काम सुरू होतं. आतल्या व्यवस्थेचं कौतुक पुष्कळ झालं. बाहेरची व्यवस्था अजून अपुरी आहे. सामना लांबला तर कल्याण-विरारच्या माणसानं घर कसं गाठायचं? रविवारी हार्बरवर मेगाब्लॉक असतो आणि मोठे सामनेही बहुतेक रविवारीच असतात. महामार्गालगतच्या सेक्टरांतले रहिवासी सामन्याच्या दिवशी आपल्याच गल्लीत गाडी लावू शकत नाहीत. या तक्रारी रास्त आहेत आणि त्यांवर उपायही आवाक्यातले आहेत. सामन्याची तारीख महिनोन्‌महिने आधी ठरलेली असते. त्या रविवारी हार्बरचा ब्लॉक पुढं ढकलता येतो, सामना संपल्यावर नेरुळहून ठाण्याकडे आणि कुर्ल्याकडे जादा लोकल सोडता येतात, नवी मुंबई महापालिकेच्या एनएमएमटी बस स्टेडियमच्या दारातून स्टेशनपर्यंत फिरवता येतात. तिकिटातच परतीचा लोकलप्रवास धरला तर कितीतरी गाड्या घरीच राहतील. बंगळूरच्या चेंगराचेंगरीनंतर याकडे सोय म्हणून बघणं पुरेसं नाही. हा जिवाचा प्रश्न आहे.

स्टेडियमच्या व्यवस्थापनाकडे, क्रिकेट मंडळाकडे आणि रेल्वेकडे मागणं एवढंच आहे. विश्वचषक जिंकला म्हणून मुलींच्या सामन्यांचं 100 रुपयांचं तिकीट बंद करू नका. निदान एक स्टँड तरी कायम त्या दरात ठेवा. प्यायचं पाणी आणि बायकांसाठी स्वच्छ, पुरेशी स्वच्छतागृहं प्रत्येक मजल्यावर असू द्या, कारण इथला बराचसा प्रेक्षक बायका-मुलींचा आहे. आणि वाचकांनो, पुढच्या हिवाळ्यात मुलींचा सामना नेरुळला लागला की घरातल्या, शेजारच्या, शाळेतल्या मुलींना घेऊन हार्बर लाइन पकडा आणि नेरुळला उतरा.