गणिताचा फळा आणि आपण

धम्मवंदना म्हणताना आपण रोज एक शब्द उच्चारतो, एहिपस्सिको. या आणि स्वतः पहा, असा त्याचा साधा अर्थ. तथागतांनी कालामांनाही हेच सांगितलं की, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका. हा शब्द आपण धम्मापुरता ठेवतो. पण जगात आणखी एक विद्या अशी आहे की जिथे बोलणाऱ्याची जात, कूळ, पदवी काही चालत नाही, फक्त पडताळा चालतो. ती म्हणजे गणित, आणि त्याच्या मागोमाग पदार्थविज्ञान. आमच्या इस्लापूरच्या वस्तीत मात्र अजूनही आईबाप म्हणतात, "गणित आपल्या पोरांचं काम नाही, आर्ट्सला घाला." हे वाक्य आलं कुठून, याचा इतिहास तपासावा म्हणून हा लेख.

आधी एक पडताळा घेऊ. मुलांनो, पाटी घ्या. चार अंकी कोणतीही संख्या लिहा, फक्त चारही अंक सारखे नकोत. आपण धम्मदीक्षेचं साल घेऊ, 1956. अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा : 9651. उलटे लावा : 1569. वजा करा. 8082 आले. पुन्हा तसंच करा : 8820 वजा 0288, म्हणजे 8532. पुन्हा : 8532 वजा 2358, म्हणजे 6174. आता कितीही वेळा करा, 7641 वजा 1467 म्हणजे परत 6174च! महाडच्या सत्याग्रहाचं साल 1927 घेऊन बघा. त्याला वेळ लागतो, 8442, 5994, 5355, 1998, 8082, 8532 असं फिरत फिरत सातव्या वजाबाकीला 6174 येतं. सातपेक्षा जास्त वेळ कोणत्याच संख्येला लागत नाही. शून्य आलं तर ते गाळायचं नाही एवढंच.

हा शोध लावणारा माणूस आपल्याच महाराष्ट्रातला, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. 17 जानेवारी 1905 ला डहाणूला जन्म. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकताना 1927 साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं. 1929 ला बी.एस्सी., आणि पुढे 1930 पासून 1962 पर्यंत नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत मास्तर. एम.ए. नाही, डॉक्टरेट नाही, प्रयोगशाळा तर नाहीच. कागद, पेन्सिल आणि अंकांचं वेड एवढंच भांडवल. 45 चा वर्ग 2025, आणि 20 अधिक 25 पुन्हा 45. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. 297 घ्या, वर्ग 88209, आणि 88 अधिक 209 म्हणजे 297. एका जातीच्या संख्यांना त्यांनी देवळालीचं नाव दिलं, दुसऱ्या एका जातीला डोंबिवली स्टेशनावरून 'डेम्लो' म्हटलं. (संख्यांच्या जाती असाव्यात, त्याला आमची हरकत नाही!)

6174 चा शोध त्यांनी 1949 साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. आपल्याकडच्या मोठ्या गणितज्ञांनी हा पोरखेळ समजून त्यांना हसण्यावारी नेलं. पुढे 1975 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे नाव सगळीकडे पोचलं. 1986 ला ते वारले. पदवी नाही म्हणून हसणं हीसुद्धा एक प्रकारची शिवाशिवच आहे, असं आमचं मत आहे.

पण एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. कापरेकर मास्तरांना हसले, तरी फळ्यापाशी जायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं. आपल्या बापजाद्यांना फळाच दिसला नाही.

चाळीसगावजवळ पाटण नावाचं गाव आहे. तिथे 1207 सालचा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. थोर गणिती भास्कराचार्य, ज्यांनी 1150 मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला आणि ज्यांची 'लीलावती' सर्वांना ऐकून माहीत आहे, त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने तिथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या मांडलिकांनी त्याला दान दिलं. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी दानाचा तपशील जुन्या मराठीत आहे. बाजारातल्या मालावरचा वाटा आणि तेलाच्या घाण्यांमागे तेल मठाला द्यायचं, असा तो तपशील. बघा, गणित शिकवायचं संस्कृतात आणि वसुलीचं कलम तेवढं लोकांच्या बोलीत! ज्याच्या घाण्याच्या तेलावर मठाचा दिवा जळला, त्या तेल्याचा मुलगा त्या दिव्यापाशी बसला असेल का? त्याहून खालच्या पायरीवरच्यांची तर गोष्टच सोडा.

त्याच डोंगररांगेत पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, पाटणच्या मठाच्या हजारापेक्षा जास्त वर्षं आधीची. तिथे पैठणच्या अत्तरविक्या घराण्यातल्या मितदेवाचं नाव दान देणारा म्हणून कोरलेलं आहे, आणि यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचं नाव आहे. हाताने काम करणारा माणूस तिथे नावानिशी उभा आहे. भास्कराचार्यांचं गणित आम्ही नाकारत नाही, ते खरंच आहे आणि कोणीही पडताळावं. आम्ही विचारतो ते एवढंच, की इतकी मोठी विद्या सातशे वर्षं मूठभर घरांत का अडकून पडली?

हिशोब न येण्याची किंमत काय असते, हे मराठवाड्याला सांगायला नको. निजामाच्या राजवटीत सावकाराच्या वहीवर अंगठा उठवणाऱ्याला आकडा किती लिहिलाय ते कळत नव्हतं. महात्मा फुल्यांनी हे ओळखलं होतं. 1882 साली हंटर कमिशनपुढे शूद्रातिशूद्रांच्या शाळांत काय शिकवावं हे सांगताना त्यांनी मोडी आणि बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशोबही घातला.

आणि फळा म्हटलं की बाबासाहेबांची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात मास्तरांनी भीमरावांना उदाहरण सोडवायला फळ्यापाशी बोलावलं. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले. भीमराव उठले तशी ती मुलं धावली आणि आपापले डबे उचलून बाजूला केले. त्यानंतरच भीमरावांना फळ्यापाशी जाता आलं. धनंजय कीर यांच्या चरित्रात हे आहे. याच भीमरावांनी पुढे अर्थशास्त्रात आकड्यांच्या जोरावर रुपयाचा प्रश्न जगापुढे मांडला, तो ग्रंथ 1923 चा. आणि 1950 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) कॉलेज काढलं, पुढचं मिलिंद महाविद्यालय, त्यामुळे आपल्या मराठवाड्यातल्या पोरांना विज्ञानाचा दरवाजा उघडला.

परदेशातही हाच प्रश्न होता, फक्त जातीच्या जागी गरिबी. मायकेल फॅरडे लोहाराचा मुलगा. चौदाव्या वर्षी पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचत वाचत शिकला. गणित फारसं येत नव्हतं, पण 1831 मध्ये चुंबकापासून वीज कशी निर्माण होते हे त्याने दाखवलं. आम्ही गिरणीत ज्या मोटरी चालवतो त्या त्याच तत्त्वावर फिरतात.

आपल्या देशातलं उदाहरण मेघनाद साहा यांचं. 6 ऑक्टोबर 1893 ला ढाक्याजवळच्या शिवराताली खेड्यात, खालच्या मानलेल्या जातीत जन्म. बाप किरकोळ दुकानदार. पुढचं शिकायचं तर शाळा दूरच्या गावी. तिथे एका डॉक्टरने घरात ठेवून घेतलं, पण आपलं ताट आपण धुवायचं आणि गाय सांभाळायची या अटीवर. कलकत्त्याला ईडन हिंदू होस्टेलमध्ये सवर्ण मुलांनी यांच्या पंगतीला बसायला नकार दिला. सरस्वतीच्या पूजेतही घेतलं नाही. विद्येची देवता म्हणवणाऱ्या मूर्तीपासून लांब ठेवलेल्या या मुलाने 1920 मध्ये काय केलं ते ऐका.

ताऱ्याचा उजेड लोलकातून सोडला तर रंगांच्या पट्ट्यात काळ्या रेघा दिसतात. कोणत्या रेघा कोणत्या मूलद्रव्याच्या, हे माहीत होतं. पण एका ताऱ्यात एक रेघ ठळक आणि दुसऱ्यात तीच पुसट, असं का? साहांनी दाखवलं की उष्णता वाढली की अणूमधले इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्यामुळे रेघा बदलतात. किती उष्णतेला, किती दाबाखाली किती अणू असे फुटतील, याचं समीकरण त्यांनी मांडलं. त्यामुळे इथे बसून ताऱ्याची उष्णता मोजता येऊ लागली. 1925 मध्ये सेसिलिया पेन या बाईंनी हेच समीकरण वापरून तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत हे काढलं. केंब्रिजमध्ये त्या शिकल्या, पण स्त्री म्हणून तिथे त्यांना पदवी मिळाली नाही. उपासिकांनी हे लक्षात ठेवावं. साहांचं समीकरण त्यांच्याच नावाने आज एम.एस्सी.च्या पुस्तकात आहे.

सत्येंद्रनाथ बोस यांच्याबरोबर साहांनी आईन्स्टाईनचे लेख इंग्रजीत आणले, तेही 1920 लाच. सगळं काही वेदांतच आहे म्हणणाऱ्यांची त्यांनी बंगालीतून जाहीर झाडाझडती घेतली, त्यामुळे दुखावलेले बरेच निघाले. 1952 ला अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. त्याच वर्षी सरकारने देशातल्या निरनिराळ्या पंचांगांचा घोळ निस्तरायला समिती नेमली, आणि तिचं अध्यक्षपद साहांकडे दिलं. तिथी आणि मुहूर्त सांगून ज्यांनी पिढ्यान् पिढ्या दक्षिणा घेतली त्यांचे आकडे तपासायचं काम एका पंगतीबाहेरच्या माणसाकडे आलं. सूर्याचं गणित आणि पंचांगातली संक्रांत यांत तीन आठवड्यांच्या आसपास फरक पडलेला आहे हे समितीने मांडलं. 16 फेब्रुवारी 1956 ला, दिल्लीत नियोजन आयोगाच्या कचेरीकडे जात असताना, साहा कोसळले आणि वारले. त्यांच्या समितीने सुचवलेली राष्ट्रीय दिनदर्शिका सरकारने 22 मार्च 1957 पासून, म्हणजे 1 चैत्र शके 1879 पासून, लागू केली.