काउंट पडले!

मागच्या महिन्यात आमचे मामा मुदखेडहून देवगिरीने मुंबईला केमोसाठी आले आणि केमो न घेताच परतले. कारण? "काउंट पडले." म्हणजे नेमकं काय, ते या वीकएंडला वाचलं.

केमो झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारते. रक्त बनवणारी अस्थिमज्जाही त्यात सापडते. म्हणजे पुढचा डोस कधी, हे बऱ्याचदा मज्जाच ठरवते!

जुना उपाय म्हणजे दुसऱ्याची मज्जा घालणे. परळच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. सुरेश अडवाणींनी १९८३ साली भारतातलं पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट केलं.

नवा विचार असा, की मूळ पेशींनाच चिलखत घाला. सिएटलच्या फ्रेड हचिन्सनमध्ये मेंदूचा कॅन्सर झालेल्या ३ पेशंटच्या मूळ पेशी काढून त्यात एमजीएमटी या जनुकाचं बदललेलं रूप घातलं, आणि पेशी परत सोडल्या. एमजीएमटी केमोने झालेली डीएनएची मोडतोड दुरुस्त करतं. ट्यूमरमधलं एमजीएमटी एका औषधाने बंद पाडलं. बदललेल्यावर त्या औषधाची मात्रा चालत नाही. आमच्या धंद्यातला पॅचच की! २०१२ साली निकाल छापून आला: रक्तपेशींनी केमो सोसली.

पण पेशंट तीनच. मामांना अजून तरी काउंट चढायची वाटच बघावी लागते.