कलशाची बशी

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या जुन्या वस्तूचा इतिहास लिहावा, असा मंडळातील भगिनींचा आग्रह झाला. मी काही पंडित नव्हे. पण कुपवाडच्या आमच्या घरी फडताळात चिनी मातीची एक बशी आहे. तिच्याविषयी चार शब्द लिहिते.

सासूबाईंच्या वडिलांनी ही कपबशी मुंबईहून आणली होती. बशी पांढरीशुभ्र, इतकी पातळ की उजेडाकडे धरली तर पाठीमागच्या बोटांची सावली दिसावी. काठाला सोनेरी रेघ, आत पानाफुलांची माळ आणि मध्यभागी दोन कानांचा कलश. सासूबाई तिला ‘कलशाची बशी’ म्हणत. पण हा कलश आपल्या देवघरातला नव्हे. इटलीत ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले पाँपेई शहर १७४८ पासून उकरले जाऊ लागले आणि प्राचीन ग्रीक-रोमन कलश, माळा, फिती यांचे वेड साऱ्या युरोपला लागले. तीच नक्षी भांड्यांवर उतरली.

अशी भांडी घडविण्याची विद्या मूळ चीनची. युरोपात तिचा पहिला कारखाना १७१० साली जर्मनीत माइसेन येथे निघाला. यासाठी लागणारी पांढरी केओलिन माती आपल्या सिंधुदुर्गातही सापडते. भांडे तेराशे अंशांच्या आसपास भाजतात. झिलईवर कुंचल्याने रंग भरून पुन्हा मंद आचेवर भाजतात. सोने भट्टीतून निस्तेज निघते. ते घोटावे तेव्हा चकाकते. फ्रान्समधील सेव्र येथे मारी-व्हिक्तुआर जाकोतो (१७७२–१८५५) या बाईंनी चिनी मातीवरील चित्रकामात मोठे नाव मिळविले. हातची नक्षी ओळखायची खूण सोपी आहे. भिंगातून पाहा: छापील नक्षीत बहुधा सारखे ठिपके दिसतात आणि प्रत्येक फूल हुबेहूब असते, हातच्या कामात एक पान दुसऱ्यासारखे नसते. आमच्या बशीवरची पाने अशीच लहानमोठी आहेत.

ही बशी स्वयंपाकघरात मात्र कधी आली नाही. सोवळ्यात चिनी माती चालत नसे. लोणच्याची बरणी तेवढी चाले. ती कशी, असे विचारले की सासूबाई नुसत्या हसत. कपातल्या चहाने पूर्वी केवढे वादळ उठविले, हे आपण ऐकले असेलच. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक प्रभृतींपुढे चहा आला. कुणी प्याले, कुणी पेला नुसता हाती घेऊन खाली ठेवला. गोपाळराव जोशी यांनी सर्वांची नावे वर्तमानपत्रात छापविली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

आमच्या घरचा कप कोणी छापला नाही. या बशीच्या कपाचा कान एके दिवशी तुटला. फेकून न देता तो गोठ्याच्या कोनाड्यात ठेवला गेला, शेतावर कामाला येणाऱ्या बाईसाठी. तिला आम्ही मावशी म्हणत असू. तिला चहा वरून ओतला जाई. पिऊन झाल्यावर ती कप आपल्या हाताने विसळून परत कोनाड्यात ठेवी. मी नवी सून होते. चहा ओतणारी मीच असे, आणि मी कधी काही बोलले नाही. थोर लोकांच्या एका पेल्याचा इतिहास झाला. मावशी वर्षानुवर्षे प्याली त्या कपाचा झाला नाही. घरातली सर्वांत सुंदर वस्तू तिच्या हाती आली, तीही तुटल्यावर आणि वेगळी ठेवण्यासाठी.

पुढे मावशी यायची थांबली, कपही नाहीसा झाला. बशी राहिली.

मंडळाच्या सभेत आज ताटातला कोणताही कप कोणीही उचलते, हे पाहून मला बरे वाटते. वर्धापनदिनाला मी बशी आणि भिंग दोन्ही आणणार आहे. पाने अवश्य पाहावीत. आणि ज्यांच्या घरी कोनाड्यातला वेगळा कप अजून असेल, त्या भगिनींनी तो घरात आणावा, एवढीच माझी विनंती.